राजकीय फोटोमॉन्टाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकीय फोटोमॉन्टाजबद्दल लोक जे परत परत विचारतात ते सगळं इथे एका जागी ठेवतोय. साधे प्रश्न आधी, वादाचे नंतर. एका उत्तरात जे आलंय ते दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय, तेवढं मागेपुढे करून बघा.

१. फोटोमॉन्टाज म्हणजे नेमकं काय? कोलाजच ना ते?

कोलाजचाच प्रकार, पण इथे मुख्य माल फोटो असतो. वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे कापायचे, जोडायचे, बऱ्याचदा त्या जोडलेल्या चित्राचा परत फोटो काढायचा आणि एक नवीन चित्र तयार करायचं. राजकीय फोटोमॉन्टाजमध्ये या जोडणीतून सत्तेबद्दल, युद्धाबद्दल, पैशाबद्दल काहीतरी म्हणायचं असतं. व्यंगचित्रकाराने नेत्याचं नाक लांब काढलं की ती त्याच्या हाताची रेघ आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, पण फोटो बघितला की डोकं आधी "हे घडलंय" असं धरूनच चालतं आणि मग लक्षात येतं की अरे, हे तर शक्यच नाही. हा जो मधला क्षण आहे त्यातच या कलेची सगळी ताकद आहे असं मला वाटतं. मॉर्फिंग म्हणजे फसवायला जोडलेला खोटा फोटो, त्यात आणि यात फरक काय ते प्रश्न १२ मध्ये आहे.

२. हे सुरू कुणी केलं?

फोटो कापून जोडणं तसं जुनंच, १९ व्या शतकातच चालू झालेलं. पण त्याला राजकीय कला म्हणून धार आली ती पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये, दादा नावाच्या गटात. हाना होख, राउल हाउसमान, जॉर्ज ग्रॉस, जॉन हार्टफील्ड ही त्यातली मोठी नावं. पहिलं कुणी केलं यावर त्यांच्यातच वाद होता, होख-हाउसमान एक गोष्ट सांगायचे आणि ग्रॉस-हार्टफील्ड दुसरी, त्यात पडण्यात अर्थ नाही. युद्धात माणसं मरत होती आणि सचित्र मासिकं छान छान फोटो छापत होती, तेव्हा तेच फोटो कापून त्यांच्याकडून खरं बोलवून घ्यायचं हे या सगळ्यांना साधारण एकाच काळात सुचलं. १९२० मध्ये बर्लिनला त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा. साधारण त्याच काळात सोव्हिएत रशियात गुस्ताव क्लुत्सिस, रोदचेन्को, लिसित्स्की यांचं काम चालू होतं, त्यातल्या पहिल्या दोघांबद्दल प्रश्न १० बघा.

३. सगळीकडे जॉन हार्टफील्डचंच नाव येतं. तो इंग्रज होता का?

नाही, पक्का बर्लिनचा. जन्म १८९१, मूळ नाव हेल्मुट हेर्झफेल्ड. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजांविरुद्ध जबरदस्त द्वेष पेटवलेला, "देव इंग्लंडला शिक्षा करो" हे घोषवाक्य सगळीकडे चालायचं. तेव्हा १९१६ च्या सुमारास याने निषेध म्हणून आपलं नावच इंग्रजी करून टाकलं. भर युद्धात शत्रूच्या भाषेतलं नाव घेऊन फिरायचं म्हणजे काय हिंमत लागली असेल ते बघा. त्याचा भाऊ वीलांड याने मालिक नावाची प्रकाशनसंस्था चालवली आणि तिच्या पुस्तकांची कव्हरं हार्टफील्ड करायचा, जुळवाजुळवीचा हात तिथेच बसला. १९१८ च्या शेवटी जर्मन कम्युनिस्ट पक्ष निघाला तसा लगेच तो सभासद झाला. १९६८ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये वारला.

४. त्याचं एखादं चित्र नीट उलगडून सांगाल का? नुसतं बघून सगळं कळत नाही.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते लोण्याचं. १९ डिसेंबर १९३५, म्हणजे नाताळच्या तोंडावर छापून आलेलं. साधं मध्यमवर्गीय घर, टेबलाभोवती कुटुंब जेवायला बसलंय. नीट बघा तर एकाच्या तोंडात सायकलचा भाग, पाळण्याच्या गाडीतलं बाळ कुऱ्हाडीचं पातं चावतंय, खाली कुत्रा बोल्टवर बसवतात तसला भलामोठा लोखंडी नट चाटतोय. भिंतीवर हिटलरची तसबीर आणि वॉलपेपरवर सगळीकडे स्वस्तिकं. मथळा: "हुर्रे, लोणी संपलं!" खाली हिटलरचा मंत्री गोअरिंग याचं हॅम्बुर्गच्या भाषणातलं वाक्य जसंच्या तसं दिलंय, की लोखंडाने साम्राज्य नेहमीच बळकट केलंय, लोणी आणि चरबीने फार तर लोक जाड झालेत.

आता यात हार्टफील्डने स्वतःच्या पदरचं काय घातलं? फारसं काहीच नाही. मंत्री म्हणाला लोखंड महत्त्वाचं, लोणी नाही, याने ते शब्दशः धरून लोकांच्या ताटात लोखंड वाढलं. त्या वेळी शस्त्रांसाठी पैसा ओतला जात होता आणि बाजारात लोणी-चरबीची टंचाई होती, त्यामुळे ज्याच्या घरात लोणी नव्हतं त्याला हे चित्र समजावून सांगायची गरजच नव्हती. मला स्वतःला त्या बाळाचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण बाकीच्यांनी निदान काहीतरी निवडलं असेल, त्याला समोर जे आलं ते ते चावतंय.

म्हणून त्याची चित्रं बघताना कॅप्शन सोडू नका. मथळा, मूळ अवतरण आणि चित्र या तिन्ही गोष्टी मिळून एक काम असतं.

५. फोटोशॉप नव्हतं तर हे एवढं सफाईदार कसं करायचे?

कात्री, गोंद, एअरब्रश आणि प्रचंड चिकाटी. हार्टफील्ड स्वतः सहसा कॅमेरा हातात धरत नसे. वर्तमानपत्रांतले, एजन्सीचे फोटो शोधायचा, हवं ते नाही मिळालं तर फोटोग्राफरकडून मुद्दाम काढून घ्यायचा. यानोश राइसमान हा हंगेरियन फोटोग्राफर त्यापैकी एक. मग प्रिंट वेगवेगळ्या आकारात काढायच्या, कापायच्या, चिकटवायच्या, कडा रंगाने मिटवायच्या आणि त्या सगळ्याचा परत फोटो. तो ज्या साप्ताहिकात छापायचा ते ग्राव्ह्यूअर पद्धतीने (कोरलेल्या धातूच्या सिलिंडरवरून छपाई), तपकिरी झाकेच्या शाईत छापलं जायचं, त्यात छटा मऊ येतात आणि उरलेसुरले सांधेही झाकले जातात. होखचं याच्या उलट, तिच्या कामात कापलेल्या कडा सरळ समोर दिसतात, आणि तिला ते तसंच हवं होतं.

६. ही चित्रं सामान्य माणसापर्यंत पोचायची का? की नुसतीच गॅलरीत?

पोचायची, आणि तीच तर मोठी गोष्ट आहे. हार्टफील्डने १९३० ते १९३८ मध्ये "आर्बायटर इलुस्ट्रीर्टे त्साइटुंग" म्हणजे कामगारांचं सचित्र वृत्तपत्र, थोडक्यात एआयझी, या साप्ताहिकासाठी दोनशेच्या वर मॉन्टाज केले. विली म्युन्झेनबर्ग हा त्याचा कर्ताधर्ता. भरभराटीच्या काळात खप पाच लाखांच्या घरात गेल्याचं सांगतात. म्हणजे मूळ कलाकृती ती भिंतीवर टांगायची एकुलती एक प्रत नव्हती, स्टॉलवर विकत मिळणारा, हातोहात फिरणारा अंक हीच कलाकृती. "फोटोचा हत्यार म्हणून वापर करा" हे त्याचं घोषवाक्य होतं, १९२९ च्या श्टुटगार्टच्या मोठ्या फोटो प्रदर्शनात त्याच्या दालनात ते लावलेलं.

७. पण हिटलर तर आलाच. मग उपयोग काय झाला या सगळ्याचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो टाळण्यासारखा नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१७ जुलै १९३२ ला हार्टफील्डचं गाजलेलं चित्र आलं, "ॲडॉल्फ, महामानव: सोनं गिळतो आणि फुकाचं बोलतो". भाषण ठोकणाऱ्या हिटलरच्या छातीचा एक्सरे, त्यात घशातून पोटापर्यंत नाण्यांची चळत, पाठीच्या कण्यासारखी. बर्लिनमध्ये पोस्टर म्हणूनही ते लागलं. आणि ३१ जुलैला निवडणूक झाली तर नाझी पक्ष ३७ टक्के मतं घेऊन सगळ्यात मोठा पक्ष झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरं आलं, त्यात हिटलरने सलामीला मागे वळवलेल्या तळहातावर एक अवाढव्य देहाचा धनिक नोटांची गड्डी ठेवतोय, शब्द हिटलरचेच: "माझ्यामागे लाखो उभे आहेत." साडेतीन महिन्यांत हिटलर चान्सलर झाला. तेव्हा चित्राने मतं फिरली का असं विचाराल तर हिशेबात काही दिसत नाही, आणि दिसतं असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

मग परिणाम कुठे? एक तर ज्यांना आधीच संशय होता त्यांना बोलायला आकार मिळाला. "याला पैसा कोण देतंय" हा प्रश्न भाषणातून विचारला की हवेत जातो, नाण्यांचा कणा एकदा बघितला की तो डोक्यातून जात नाही. दुसरं, राजवटीला स्वतःचे फोटो किती जपावे लागतात बघा, हिटलरचा फोटोग्राफर हाइनरिक हॉफमान होताच त्यासाठी, त्या सगळ्या घडवलेल्या प्रतिमेला हार्टफील्ड त्याच हत्याराने भोक पाडत होता. नाझी त्याला किती मनावर घ्यायचे ते पुढच्या उत्तरात येईल. आणि तिसरं म्हणजे पुढच्या पिढ्या. आज पुस्तकात हिटलरचा सलामीचा फोटो दिसला की अनेकांना मागचा पैसा आठवतो, ही नजर हार्टफील्डने दिलेली आहे. एका निवडणुकीच्या मापाने हे मोजता येत नाही, पण म्हणून ते कमी होत नाही.

८. नाझींनी त्याला सोडलं कसं?

सोडलं नाही, तो निसटला. एप्रिल १९३३ मध्ये एसएस या नाझी दलाचे लोक त्याच्या राहत्या जागी घुसले, याने बाल्कनीतून उडी मारली, कचऱ्याच्या पेटीत लपून राहिला आणि पुढे प्राग गाठलं. एआयझीसुद्धा तिकडेच हलवलेलं होतं. १९३४ मध्ये प्रागच्या मानेस संस्थेतल्या व्यंगचित्र प्रदर्शनात त्याची चित्रं लागली तर जर्मन वकिलातीने तक्रार केली आणि काही चित्रं उतरवावी लागली. त्यावर त्याने नवीन मॉन्टाज करून उत्तर दिलं, आशय असा की जितकी चित्रं भिंतीवरून उतरवाल तितकं वास्तव जास्त दिसेल. १९३८ मध्ये तिथूनही पळून लंडन, आणि युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी "शत्रू देशाचा नागरिक" म्हणून यालाच काही काळ डांबून ठेवलं. १९५० मध्ये पूर्व जर्मनीत परतला तर तिथे पश्चिमेत राहून आला म्हणून संशय, आणि कला अकादमीत प्रवेश मिळायला १९५६ उजाडलं, नाटककार ब्रेख्तसारखे मित्र पाठीशी होते म्हणून.

९. बायका कुठे आहेत यात? सगळी नावं पुरुषांचीच दिसतात.

बायका सुरुवातीपासून आहेत, त्यांना मागे ठेवलं गेलं. हाना होखने १९१९-२० मध्ये एक मोठा मॉन्टाज केला, शीर्षक लांबलचक आहे, स्वयंपाकघरातल्या सुरीने वायमार जर्मनीचं (म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाचं) बिअर प्यायलेलं सुटलेलं पोट कापणं असा साधारण भाव. ११४ बाय ९० सेंमी, कैसर, सेनापती, पुढारी, नर्तकी, यंत्रं, चाकं, सगळा गोंधळ. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात युरोपचा एक छोटा नकाशा आहे, ज्या देशांत बायकांना मताचा हक्क मिळाला त्यांचा, आणि त्यापाशी तिने स्वतःचा छोटासा चेहरा चिकटवलाय. जर्मनीत बायकांनी जानेवारी १९१९ मध्येच पहिल्यांदा मत दिलं होतं, म्हणजे अगदी ताजी गोष्ट. पोटापाण्यासाठी ती उलश्टाइन या मोठ्या प्रकाशनात विणकाम-भरतकामाचे नमुने काढायची. आणि प्रश्न २ मधल्या १९२० च्या मेळ्यात तिला घ्यायला ग्रॉस आणि हार्टफील्ड तयार नव्हते, हाउसमानने मीही बाहेर पडतो म्हटल्यावर ती आत आली. नाझी काळात ती बर्लिनच्या कडेला एका घरात गप्प राहिली आणि दादा मित्रांची कामं, कागद लपवून वाचवले. आज आपण ते बघू शकतो ते तिच्यामुळे.

नंतरच्या काळात अमेरिकेची मार्था रोस्लर. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, साधारण १९६७ ते ७२, तिने गृहसजावटीच्या मासिकातले चकचकीत दिवाणखाने घेतले आणि त्यात युद्धातले फोटो बसवले. एकात बाई व्हॅक्यूम क्लीनरने पडदा साफ करतेय आणि पडद्याबाहेर सैनिक खंदकापाशी उभे आहेत. हे तिने आधी प्रदर्शनात न मांडता झेरॉक्स काढून युद्धविरोधी मोर्चांत वाटलं. इराक युद्धाच्या वेळी २००४ मध्ये तिने ही मालिका परत सुरू केली.

१०. फोटोमॉन्टाज करणारे सगळे सरकारविरोधीच असतात का?

अजिबात नाही. गुस्ताव क्लुत्सिस हा लॅटव्हियाचा, सोव्हिएत राजवटीचा निष्ठावंत. पंचवार्षिक योजनेची, स्टालिनची पोस्टरं त्याने केली, १९३० चं हातांचं पोस्टर तर थक्क करणारं आहे, एका मोठ्या उंचावलेल्या पंजात अनेक हात. त्याच राजवटीने जानेवारी १९३८ मध्ये त्याला पकडलं आणि फेब्रुवारीत गोळी घातली. बायकोला, व्हॅलेंटिना कुलागिनाला, ती स्वतः पण पोस्टर कलाकार, सांगितलं गेलं की तो १९४४ मध्ये हृदय बंद पडून गेला.

त्याच देशात उलटी कात्रीही चालायची. नको झालेली माणसं फोटोतून पुसून टाकायचे, गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह स्टालिनशेजारून चालताना होता, त्याला मारल्यावर फोटोत त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी आलं. रोदचेन्कोने उझबेकिस्तानवर केलेल्या पुस्तकाच्या स्वतःच्या प्रतीत पुढे शिक्षा झालेल्यांचे चेहरे काळ्या शाईने भरून टाकले, कारण असं पुस्तक घरात सापडणं हाच गुन्हा होता. ती पानं बघवत नाहीत.

११. हार्टफील्डचं काहीच चुकलं नाही का?

चुकलं, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ते सांगायला हवं. तो कम्युनिस्ट पक्षाचा माणूस होता आणि पक्षाची लाईन तेव्हा अशी की सोशल डेमोक्रॅट, म्हणजे जर्मनीतला दुसरा मोठा डावा पक्ष, हेही फॅसिस्टांचेच भाऊ. १९३१ मध्ये त्याने सोशल डेमोक्रॅटांवर चित्र केलं, सूट-टायमधला माणूस आणि वर गुरगुरणाऱ्या वाघाचं डोकं, टायपिनवर स्वस्तिक. कला म्हणून जबरदस्त, राजकारण म्हणून घातक, कारण ज्या दोन पक्षांनी एकत्र यायला हवं होतं ते एकमेकांना ओरबाडत राहिले. आणि सोव्हिएत तुरुंगांवर, क्लुत्सिससारख्यांच्या हत्यांवर, त्याची कात्री चालली नाही. हे लक्षात ठेवून चित्रं बघावीत असं मला वाटतं.

१२. मग मॉन्टाज आणि खोटा फोटो यात फरक काय? दोन्हीत जोडाजोडच आहे.

बरेच जण म्हणतात की सांधा दिसला तर कला, लपवला तर फसवणूक. पण हार्टफील्ड सांधे लपवायचाच (प्रश्न ५). तरी त्याच्या चित्राने कुणी फसलं नाही, कारण बाळ कुऱ्हाड खात नाही आणि माणसाच्या छातीत नाण्यांचा कणा नसतो. चित्र स्वतःच ओरडून सांगतं की मी जुळवलेलं आहे, आता मी काय म्हणतोय त्याचा विचार करा. खोटा फोटो मात्र सहज शक्य वाटेल असंच दाखवतो.

उत्तम उदाहरण १९५० चं, अमेरिकेतल्या मेरीलँडचं. सरकारात कम्युनिस्ट घुसलेत असे आरोप सिनेटर मॅकार्थी करत होता, सिनेटर मिलर्ड टायडिंग्ज यांनी त्या आरोपांची चौकशी केली होती. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध एक पत्रक वाटलं गेलं, त्यात टायडिंग्ज कम्युनिस्ट नेता अर्ल ब्राउडर याच्याशेजारी जणू कान देऊन ऐकतायत असा फोटो. टायडिंग्जचा फोटो १९३८ चा, रेडिओवर निकाल ऐकतानाचा, ब्राउडरचा वेगळाच, दोन्ही आणून चिकटवलेले. आणि गंमत नाही, खरंच खाली कॅप्शनमध्ये छापलेलं होतं की हे जोडलेलं चित्र आहे. टायडिंग्ज हरले. नंतर सिनेटच्या समितीने या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे नुसतं "जोडलेलं आहे" असं बारीक अक्षरात लिहिलं की हात झटकता येत नाहीत, बघणाऱ्याची समजूत काय होते ते महत्त्वाचं.

आणि हे काही नवीन नाही. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसमधलं बंडखोर सरकार, चिरडल्यावर युजेन ॲपेर याने नट उभे करून, त्यांच्यावर खऱ्या माणसांची डोकी चिकटवून "कम्यूनचे गुन्हे" म्हणून फोटो विकले होते.

१३. हिटलर गेला, व्हिएतनाम संपलं. त्यानंतर कुणी केलं का?

इंग्लंडचा पीटर केनार्ड नक्की बघा. १९८० मध्ये त्याने कॉन्स्टेबलचं १८२१ चं प्रसिद्ध चित्र, नदीत उभी गवताची गाडी, घेतलं आणि त्या गाडीवर अमेरिकन क्रूझ मिसाइलं लादली. तेव्हा ब्रिटनमधल्या तळांवर ही मिसाइलं ठेवायचं ठरलं होतं. बिस्किटाच्या डब्यांवर असायचं तसलं शांत गावाकडचं चित्र, त्यात हे. पोस्टर, बॅज, पोस्टकार्ड म्हणून अण्वस्त्रविरोधी चळवळीत ते सगळीकडे गेलं. मिसाइलं नंतर हटली ती मुख्यतः अमेरिका आणि सोव्हिएत युनियनमधल्या १९८७ च्या करारामुळे, पण लोकांना विषय कशाने समजला विचाराल तर त्यात या चित्राचा वाटा आहे. पुढे कॅट फिलिप्सबरोबर त्याने केलेला, आगीच्या लोळासमोर हसत सेल्फी काढणारा ब्रिटनचा माजी पंतप्रधान टोनी ब्लेअरही तुम्ही बघितला असेल.

१४. आपल्याकडचे वाढदिवसाचे फ्लेक्स हे पण फोटोमॉन्टाजच ना?

तंत्राने हो. चौकातला कुठलाही फ्लेक्स बघा, वर साहेबांचे फोटो रांगेत, मध्ये भाऊंचा हात जोडलेला किंवा गॉगल लावलेला मोठा फोटो, मागे आणून चिकटवलेलं आकाश नाहीतर किल्ला, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ चेहरे, कोण कुठल्या रांगेत यावर कार्यकर्त्यांची भांडणं. कोण कुणाच्या किती जवळ आहे हे सगळं त्या मांडणीतच सांगितलेलं असतं, म्हणून मी याला हलकं समजत नाही, गावातली सत्ता वाचायला याच्यासारखं साधन नाही. पण काम हार्टफील्डच्या उलट चालतं. त्याने मोठ्या माणसामागचा पैसा दाखवला, इथे मोठ्या माणसाच्या शेजारी उभं राहून मोठं व्हायचं असतं.

१५. भारतात नेत्यावर असं चित्र केलं तर केस होते का?

होऊ शकते, झालेल्या आहेत. २०१२ मध्ये कोलकात्यात एका प्राध्यापकाला मुख्यमंत्र्यांवरचं जोडचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून अटक झाली, पूर्ण सुटका व्हायला २०२३ उजाडलं. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमध्येच मुख्यमंत्र्यांचा चेहरा एका नटीच्या फोटोवर लावलेलं चित्र शेअर केल्याबद्दल एका कार्यकर्तीला अटक झाली, जामिनासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. आपल्याकडे २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना साध्या फेसबुक पोस्टवरून पकडलं, त्यातूनच पुढे आयटी कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. त्यामुळे ते कलम आता नाही, पण बदनामी, अश्लीलता, तेढ पसरवणं याची कलमं आहेत. मी वकील नाही, नोटीस आली तर वकीलच गाठा. स्वतःपुरतं मी एवढं पाळतो: नेत्याचं सार्वजनिक वागणं हा विषय, त्याचं शरीर, घरातली माणसं, जात हा नाही.

१६. एआय आल्यावर याला काही अर्थ राहिला का?

राहिला, पण अवघड झालंय. पूर्वी लोक फोटोवर विश्वास ठेवायचे म्हणून मॉन्टाजचा धक्का बसायचा (प्रश्न १), आता सगळ्यावरच संशय असेल तर धक्का कशाचा? शिवाय खरा फोटो आला तरी पुढारी "एआय आहे" म्हणून मोकळा होतो. प्रश्न १२ ची कसोटी मात्र तशीच लागू आहे. आणि एक जाणवतं, की एआयच्या चित्रात तुकडे कुठूनच आलेले नसतात. हार्टफील्डचा हिटलर खरोखरच्या फोटोतला, वाक्य खरोखरच्या भाषणातलं, दोन्हीचा पुरावा शोधता यायचा. करायचंच असेल तर तुकडे खरे घ्या आणि ते कुठले आहेत ते सांगा.

१७. मूळ चित्रं बघायला कुठे मिळतील?

हार्टफील्डचा सगळा संग्रह बर्लिनच्या कला अकादमीकडे आहे आणि बराचसा ऑनलाईन फुकट बघता येतो. होखचा तो मोठा मॉन्टाज बर्लिनच्याच राष्ट्रीय संग्रहाकडे, केनार्डची कामं लंडनच्या टेटमध्ये. मोबाईलवर बघू नका, बारीक गोष्टी निसटतात. एआयझीचं पान साधारण ३८ बाय २७ सेंमीचं असायचं, त्यामुळे ए-थ्री कागदावर प्रिंट काढली तर जवळपास मूळ आकारात दिसतं, आणि जर्मन कॅप्शन भाषांतराच्या ॲपमधून काढून बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा.